सात मिनिटांचं मुकं लग्न

लेकीनं जेवता जेवता सहज विचारलं, "आई, आपल्याकडे जुन्या लग्नांच्या व्हिडिओ कॅसेट असतील ना?" आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला. तिला तिच्या लग्नात लॉनवरच्या मोठ्या स्क्रीनवर घरातली जुनी लग्नं दाखवायची होती. माझ्या दादाची वरात, माझा रडून सुजलेला चेहरा, असलं सगळं. हौस तिची आणि धास्ती माझी. "मामाकडे कुरुळीला असतील. रविवारी जाऊन घेऊन येते," ती म्हणाली. "तू कशाला? मी जाते," मी इतक्या जोरात ओरडले की नवरा वरणाचा डाव तसाच धरून माझ्याकडे बघत बसला.

त्या दिवसापासून मी एका जागी टेकले म्हणून नाही. तळवड्यात एका छोट्या कारखान्यात डिस्पॅचची चलनं बनवायचं माझं काम. खुर्चीवरचं काम ते, पण मी दर पाच मिनिटांनी उठून गेटपर्यंत जाऊन यायला लागले. वॉचमन म्हणाला, "मॅडम, गाडी यायची हाय का कुठली?" काय सांगू त्याला? गाडी चौतीस वर्षांपूर्वीच येऊन गेली होती, आणि माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न तिच्याखाली सापडलं होतं.

आमच्या घरात एकच कॅसेट अशी होती की तिच्या नावानं मला घाम फुटायचा. ताईच्या लग्नाची. म्हणजे न झालेल्या लग्नाची.

तेव्हा ताई वीस वर्षांची, दादा सतरा-अठराचा आणि मी दहाची. मांडव आमच्या दारातच होता. गावात व्हिडिओ शूटिंग आलेलं ते दुसरं की तिसरं लग्न, त्यामुळे नवऱ्या मुलाइतकीच गर्दी त्या कॅमेऱ्यासमोर. कॅमेऱ्याचा माइक बिघडलेला. शूटिंगवाला म्हणाला होता की आवाज कशाला पाहिजे, नंतर वरून सनई आणि गाणी टाकून देतो. ती गाणी टाकायची वेळ कधी आलीच नाही.

अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, लोकांच्या मुठीत अक्षता, आणि माझी बहीण पाटावरून खाली उतरली. बस्स, एवढंच. पळाली नाही, ओरडली नाही. पिवळ्या साडीचा घोळ उचलला आणि पाटावरून खाली पाय ठेवला. गुरुजी 'सावधान' म्हणता म्हणता थांबले. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, विचारलं काय झालं, तर म्हणाली, "मला न्हाई उभं राहायचं." का, ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत गावानं आपलं आपण ठरवून टाकलं. हिचं बाहेर असणार. कंपनीतल्या कुणाशी तरी. कुणी म्हणालं भोसरीचा, कुणी म्हणालं परप्रांतीय. चाकणच्या बाजारात बायका आईला विचारायच्या, "तुमचीच का ती पाटावरून उतरलेली?" तेच तिचं नाव पडलं. आबा वर्षभर तिच्याशी बोलले नाहीत. नंतर स्थळं आली ती बिजवराची, तीन पोरांच्या बापाची, आणि ताईनं एकेकाला पोहे देऊन परत पाठवलं. मग ती तळेगावला एका कंपनीत पॅकिंगला लागली आणि तिथंच राहिली. आजतागायत कुणाच्याही लग्नात ती मांडवात उभी राहिलेली नाही. माझ्या लग्नात सुद्धा ती मागं पुऱ्या लाटत बसली होती.

आता खरं सांगते. तिला पाटावरून उतरवलं मी.

त्या दिवशी सकाळी, नीट उजाडलंही नव्हतं, आईनं मला चहाची किटली देऊन जानोशाला पाठवलं. नवरदेवाकडचं वऱ्हाड शाळेत उतरलं होतं. शाळेत बायका तयारीत होत्या, किटली मी ठेवली आणि परत निघताना शाळेच्या मागून, ओढ्याच्या बाजूनं आले. तिथं लांबवर चार-पाच माणसं दिसली. नवरदेव मुंडावळ्या बांधून पाटावर बसलेला. समोर गुरुजी. आणि नवरदेवाच्या शेजारी एक बाई, लाल साडी नेसलेली, डोक्यावरून पदर, अगदी खाली मान घालून बसलेली. अंतर एवढं होतं की आवाज काही येत नव्हता. फक्त दिसत होतं. नवरदेवानं तिच्या गळ्यात काळे मणी घातले. गुरुजींनी दोघांवर अक्षता टाकल्या. मी तिथून जी धूम ठोकली ती घरी येऊन कणगीमागं लपले.

सकाळभर मी कुणाला बोलले नाही. कुणाला बोलणार? आबा म्हणजे साक्षात जमदग्नी. आईला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मला नवं परकर-पोलकं घालून करवली केलं आणि हातात कलश देऊन ताईच्या मागं उभं केलं. आमचा मामा एका बाजूला, मी एका बाजूला. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मला राहवेना. कलश कलंडला, पाणी पायावर सांडलं, मी टाचा उंच करून तिच्या कानात बोलले, "ताई, नवऱ्याचं सकाळीच लग्न लागलंय. दुसरीशी. मी बघितलं."

तिनं मान वळवून माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाय खाली ठेवला.

"कुणी कान भरले हिचे?" आबा ओरडत होते. ताईनं माझं नाव घेतलं नाही. तेव्हाही नाही, पुढंही नाही. आणि मी? मी तोंड उघडलं नाही. दहा वर्षांची होते, हे मला माहीत आहे. पण आपण भित्रे होतो हे दहा वर्षांच्या पोरीलाही कळतं, आणि मोठी झाल्यावर तर जास्तच कळतं.

तरीही बरीच वर्षं मी मनाशी म्हणायचे की मी ताईला वाचवलं. दोन बायका करणाऱ्या माणसापासून वाचवलं. त्याच्यावर माझं बरं चाललं होतं. मग पंधरा वर्षांपूर्वी माझ्या सासरच्या नात्यातल्या एका पोराचं लग्न ठरलं. पत्रिकेत कसलासा दोष निघाला, म्हणून गुरुजींनी सांगितलं, आधी रुईशी लग्न लावा, म्हणजे दोष झाडावर जाईल, मग मुलीशी लावा. माझ्या सासूबाई मला म्हणाल्या, "चल, तू पण चल, हळदीकुंकवाला बाई लागते." गेलो एका शेताच्या बांधावर. रुईचं कंबरेएवढं झाड. त्याला त्यांनी लाल साडी गुंडाळली. वर पदर घेतला. पोरगा पाटावर बसला, गुरुजींनी अक्षता टाकल्या, आणि त्यानं झाडाला काळे मणी बांधले.

माझ्या हातातलं तबक पडलं. सगळे म्हणाले ऊन लागलं असेल.

ऊन कसलं डोंबल! खाली मान घालून बसलेली ती बाई मला पुन्हा दिसली होती, आणि या वेळी मी तिच्यापासून चार हातांवर उभी होते. चार पानं पदराबाहेर आली होती. त्या नवरदेवाचं कुणाशी काही नव्हतं. ऐनवेळी पत्रिकेत शंका निघाली असेल, मुलीकडच्यांना कळलं तर बोभाटा नको म्हणून ओढ्याकाठी गुपचूप उरकलं असेल, आणि ते नेमकं माझ्या दृष्टीस पडलं. एका झुडपापायी माझ्या बहिणीचं आयुष्य असं झालं. झुडपापायी तरी कसं म्हणू? माझ्यापायी.

हे तिला सांगायचं की नाही, या एका गोष्टीनं मला पंधरा वर्षं खाल्लं. सांगावं तर तिच्याकडे जे एक कारण होतं, की बाई, निदान फसवणुकीतून तरी सुटले, तेही मी काढून घेणार. न सांगावं तर मी रोज तिच्या तोंडावर खोटी. दर भाऊबीजेला ठरवून जायची आणि डबा देऊन परत यायची. आणि आता लेक ती कॅसेट मागत होती. त्या कॅसेटमध्ये, आवाज नसला तरी, टाचा उंच करून नवरीच्या कानाला लागलेली एक पोरगी दिसणार होती. घरातला कुणीही बघून म्हणाला असता, अरेच्चा, ही तर तू!

रविवारी स्कूटर काढली आणि कुरुळीला गेले. रस्त्यावर कंटेनरची रांग, धूळ, शिफ्ट सुटलेली पोरं. दादा ओट्यावर बसून फोनवर कुणाशी तरी जागेचं बोलत होता. फोन ठेवायच्या आत मी विचारलं, "ताईच्या लग्नाची कॅसेट कुठाय?"

"कशाला गं?"

"पाहिजे."

"ती आता बैलगाड्याची झाली," दादा म्हणाला, एकदम थंडपणे.

"म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे? आपल्या जोडीनं शर्यतीचा घाट मारला त्या साली शूटिंगवाला आला व्हता. त्याच्याकडची कॅसेट संपली. मी घरातनं ही आणून दिली. पुसू नये म्हणून मागची पाकळी मोडल्याली, तिथं चिकटपट्टी लावली अन् घेतलं त्याच्यावर. मग काय, पुजत बसायचं व्हतं का तिला?"

क्षणभर मला इतकं हायसं वाटलं की मी ओट्यावर बसलेच. गेली! मी असलेली ती सगळी जागा बैलांच्या खुरांखाली गेली. आणि लगेच दुसऱ्या क्षणी अंगाचा तिळपापड झाला. "तुला लाज नाही वाटली? तिच्या लग्नावर बैल पळवलेस?"

"लगीन झालं कुठं व्हतं?" दादा म्हणाला. मग मान खाली घालून म्हणाला, "आबांनीच सांगितलं, हिच्यावर घे. नको तवा कुणी लावून बघायचं अन् घरात रडारड. मला बी वाटलं, पुसून गेलेलं बरं."

त्यानं आतून कॅसेट आणली. टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवलेली. लग्नासाठी नव्हे, बैलांसाठी. त्यातला डावीकडचा बैल म्हणजे दादाचा जीव की प्राण, त्याचा दुसरा फोटोसुद्धा नाही घरात. "नीट आण गं परत," तो म्हणाला. मी म्हणाले, "बघू."

खरं तर तिथंच मिटायला हवं होतं. पण मी परत घरी न येता सरळ चिंचवडला, कॅसेटचे पेनड्राइव्ह करून देणाऱ्याकडे गेले. का गेले, मला विचारू नका. जी गोष्ट पुसली गेली म्हणून जीव भांड्यात पडला होता, ती खरंच पुसली गेलीय का हे बघितल्याशिवाय मला चैन पडेना.

दुकानदार म्हातारा, स्वतः पूर्वी लग्नं शूट करणारा. त्यानं टेपवरची बुरशी पुसली, मशीनमध्ये घातली. पडद्यावर घाट आला. धुरळा, फेटे, लाउडस्पीकरवरचा माणूस घसा फोडून "भिर्रर्रर्र... झाली झाली झाली!" गाडे धावतायत, लोक उड्या मारतायत. दादा, मिसरूड फुटलेला, बैलाच्या गळ्यात पडून रडतोय. हे चाललं दोन तास. मी दुकानात येरझारा घालत होते. म्हातारा म्हणाला, "मॅडम, बसा की. शर्यत तुमची नाही, बैलांची आहे."

"पुढं काही आहे का बघा," मी म्हणाले.

"शर्यत संपली की संपलं. पण टेप उरलीय थोडी."

आणि अचानक आवाज गेला. एवढ्या आरड्याओरड्यानंतर ती शांतता अशी आली की मला वाटलं, मशीन बिघडलं. बिघडलं नव्हतं. आमचा मांडव होता. दादाच्या शर्यतीच्या खाली न सापडलेली, शेवटची सात मिनिटं.

अंतरपाट नव्हता. तो कधीच पुसला गेला होता. हे नंतरचं होतं. शूटिंगवाल्याला कुणी बंद कर म्हणालंच नसावं, तो आपला जे दिसेल ते घेत फिरत होता. अर्धी पंगत जेवत होती. लग्न मोडलं तरी माणसं जेवत होती, जिलबी मागत होती! आबा कुणावर तरी हात नाचवत होते. मग कॅमेरा मांडवाच्या मागच्या बाजूला गेला, जिथं तांदळाची पोती रचली होती.

पोत्यावर ताई बसली होती. देवा, किती लहान होती ती! माझी लेक आज तिच्यापेक्षा मोठी दिसते. तिच्यासमोर नवरदेवाची आत्या, मोठी नथ घातलेली, मला ती लगेच ओळखू आली. ताईनं तिला काहीतरी विचारलं. ती आत्या आधी बघतच राहिली, मग तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि चक्क हसली. काहीतरी सांगायला लागली. ताई एकदम सावध झाली. तिनं हात लांब करून बाजूला उभ्या असलेल्या एका पोरीला ओढलं, तिचं तोंड स्वतःच्या पोटाशी दाबलं आणि दोन्ही तळहातांनी तिचे कान झाकले.

ती पोरगी मी.

मला ते हात आठवतात. हळदीचा वास आणि बांगड्या कानशिलाला टोचत होत्या. मला चौतीस वर्षं वाटत होतं की ती रडत होती, म्हणून तिनं मला घट्ट धरलं. पडद्यावर ती रडत नव्हती. ती ऐकत होती. आत्यानं हात जमिनीपासून कंबरेएवढा उंच धरून दाखवला, एवढं. मग दोन्ही हात गोल गोल फिरवून काहीतरी गुंडाळल्यासारखं केलं. मग स्वतःच्या डोक्यावर पदर घेऊन दाखवला आणि हात जोडले.

"काय सांगतेय ही बाई?" म्हातारा म्हणाला. "आवाज पाहिजे होता."

मला आवाज नको होता. मला सगळं ऐकू येत होतं. ताई बराच वेळ तशीच बसली. माझ्या कानांवरचे हात काढले नाहीत. मग आत्यानं मांडवाकडे बोट करून काहीतरी विचारलं, आणि ताईनं मान हलवली. नाही. आत्यानं पुन्हा विचारलं. नाही. आत्या गेली. कॅमेरा परत पंगतीवर आला, कुणीतरी पत्रावळीवर हात आडवा धरून पुरे म्हणत होतं, आणि निळा पडदा.

तिला माहीत होतं. त्याच दुपारी कळलं होतं. जे मी पंधरा वर्षं पोटात ठेवून कुढत होते, ते तिनं चौतीस वर्षं ठेवलं होतं, आणि मला ऐकू जाऊ नये म्हणून माझे कान बंद केले होते.

मी तिथून तळेगावला कशी गेले ते मला आठवत नाही. देहूच्या रस्त्यानं गेले एवढं माहीत आहे, कारण एका टेंपोवाल्यानं शिव्या घातल्या. ताई नुकतीच पहिली पाळी करून आली होती. जमिनीवर पेपर पसरून मेथी निवडत बसली होती. मला बघून म्हणाली, "हेल्मेट तर काढ."

मी हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "तुला रुईचं माहीत होतं."

तिचे हात थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला कवा कळलं?"

"पंधरा वर्षं झाली."

"अन् मला सांगितलं न्हाईस?"

"तू तरी कुठं सांगितलंस?" मी ओरडले. शेजारच्या फ्लॅटमधला टीव्ही बंद झाला. "कॅसेटमध्ये तुझे हात बघितले मी. माझ्या कानांवर. का केलंस असं? परत जाऊन उभी राहायचीस ना! झाड होतं ते, झाड! झालं असतं लग्न!"

"अन् आबांनी पयलं काय इचारलं असतं? कुणी सांगितलं व्हतं हिला? मग तुला जिती ठेवली असती व्हय? गावाम्होरं फोडून काढली असती. तशी बी तू नंतर चार दिस तापानं फणफणलीस."

"म्हणजे माझ्यासाठी तू..." एवढं ओझं अंगावर घेऊन माणूस बसणार कुठं?

ताईनं मेथीची जुडी आपटली. ती चिडली की तिच्या नाकपुड्या थरथरतात, अजूनही. "येवढी मोठी नको होऊस. समदं तुझ्यासाठी न्हाई केलं मी. बस खाली. बस म्हनते ना!"

मी बसले. तिनं माझ्यापुढं अर्धी जुडी सरकवली.

"रुईशी लगीन लावताना गुरुजी काय करतो ठावं हाय ना तुला? आधी झाडावर अक्षता टाकून इचारतो. बाई, तुझी परवानगी हाय का म्हनून. झाडाला इचारतो. मला कुणी इचारलं व्हतं? आबा एक दिवस घरी आले अन् म्हनले, सुपारी फुटली. पाटावर चढवलं, चढले. तू कानात बोललीस तवा, खोटं न्हाई सांगत, मला हलकं वाटलं. पाय आपसूक खाली आला. मग ती आत्याबाई समजवाया आली. पोरात काई खोट न्हाई म्हनाली, चल उभी ऱ्हा म्हनाली. तवा मला कळलं, खोट न्हाई तरी मला नकोच हाय."

"मग हे आबांना सांगायचंस."

"काय सांगू? कारण न्हाई, पण नको? आज तरी ऐकत्यात का गं कुणी?"

मी मेथीची पानं तोडत राहिले, देठासकट. तिनं माझ्या हातून ती काढून घेतली.

"रडले न्हाई असं न्हाई," ती देठं वेगळी करत म्हणाली. "लई रडले. बाजारात बायका बोट दाखवायच्या तवा वाटायचं, गेले असते तर बरं झालं असतं. मागं ताप आला, तवा दोन दिस पाणी द्याया कुणी नव्हतं. तवा बी वाटलं. पण एकदा बी असं न्हाई वाटलं की धाकटीनं माझं वाटोळं केलं. ते तू कुठनं आणलंस?"

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, चांगली हुंदके देऊन. चव्वेचाळीस वर्षांची बाई. तिनं रडू दिलं आणि मग म्हणाली, "आता मेथीत पाणी नको."

निघताना मी तिला म्हणाले, "लग्नात तू मांडवात उभी राहायचीस. पोरीच्या मागं."

"ती मामाची जागा हाय."

"मामाला मी बघते."

मामानं, म्हणजे दादानं, अर्थात आकाशपाताळ एक केलं. मामा जिता असताना मावशी नवरीमागं उभी? आणि तीही ही? गावची समदी माणसं येणार, काय म्हनतील? मी त्याला म्हणाले, "तुझ्या बैलांची शर्यत मी मोठ्या स्क्रीनवर लावते. दोन हजार माणसांसमोर. डावीकडचा बैल एवढा मोठा दिसेल." दादानं हातातला फोन खाली ठेवला. मग म्हणाला, "आवाजासकट?" मी म्हणाले, "आवाजासकट." तर असा आमचा तह झाला. सात मिनिटं मी कुणाला दाखवली नाहीत. ताईला विचारलं होतं, बघतेस का? म्हणाली, "मी व्हते की तिथं."

लग्नाच्या दिवशी स्क्रीनवर बैल धावले तेव्हा म्हाताऱ्यांनी शिट्ट्या मारल्या आणि दादानं फेट्याच्या शेवटानं डोळे पुसले. मग अंतरपाट धरला. ताई निळी पैठणी नेसून माझ्या लेकीच्या मागं उभी राहिली. समोरच्या खुर्च्यांत कुजबुज सुरू झाली, मला ओठ हलताना दिसत होते. डोक्यावर ड्रोन घोंघावत होता, सनईवाल्याचा स्पीकर फाटायच्या बेतात होता. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते.

चौथ्या मंगलाष्टकाला ताई पुढं वाकली आणि तिनं माझ्या लेकीच्या कानाला तोंड लावलं.

शेजारी दादानं माझं मनगट पकडलं. "आता काय सांगतीया ही?" तो म्हणाला. स्पीकरच्या गोंगाटात काही ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. लेकीनं मान वळवून मावशीकडे बघितलं. तिच्या मुंडावळ्या हलल्या. मग ती हसली आणि तिनं जोरात मान डोलावली, एकदा, दोनदा. ताई सरळ झाली आणि मुठीतल्या अक्षता सांभाळत उभी राहिली.

पाठवणीच्या गडबडीत मी लेकीला कोपऱ्यात गाठलं. "मावशी काय म्हणाली गं तुला?"

"काही नाही," ती म्हणाली. "‘नको असंल तर आत्ता सांग, कारण सांगायची गरज न्हाई, मी हाय मागं.’ एवढंच."